रुग्णालयाच्या रोजच्या नोंदी लोकांसमोर ठेवा

प्रति,
मा. आयुक्त, ठाणे महानगरपालिका
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन
मा. सचिव, वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभाग, महाराष्ट्र शासन
मा. जिल्हाधिकारी, ठाणे

विषय : ठाण्यातील सार्वजनिक रुग्णालयांचे मनुष्यबळ, औषधसाठा, प्राणवायू व आगसुरक्षा आणि खर्च यांचे आकडे दर महिन्याला जाहीर करण्याबाबत

महोदय, महोदया,

ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. पुढे दोन महिनेही उलटले नाहीत तोच नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले. त्यांत बारा नवजात बाळे होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. दोन्ही वेळी लोकांनी तेच विचारले : डॉक्टर किती होते, परिचारिका किती होत्या, औषध होते का, खाट होती का? आणि दोन्ही वेळी उत्तराची सुरुवात एकाच वाक्याने झाली : रुग्ण अत्यवस्थ अवस्थेत आले होते.

आम्ही हे पत्र लिहिणारे ठाण्यात राहतो. परिचर्या, औषधभांडार, वैद्यकीय उपकरणांची देखभाल आणि लेखा या कामांत आमची उमेदीची वर्षे गेली. लोकांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर रुग्णालयात आधीपासून लिहिलेले असते, हे आम्हाला ठाऊक आहे. हजेरीपट, ड्युटी रोस्टर, इंडेंट बुक (मागणीची वही), साठा नोंदवही, प्राणवायूच्या दाबाची नोंद, दुरुस्तीच्या तक्रारींची वही आणि खर्चाचा मासिक गोषवारा यांत ते असते. चौकशी समिती दुर्घटनेनंतर येऊन हीच कागदपत्रे चाळते. ती दर महिन्याला लोकांसमोर आली तर संकट येण्याआधी दिसेल, आणि कोणत्या टेबलावर काय अडले आहे तेही दिसेल. आमची मागणी एवढीच आहे.

यासाठी नवा कायदा लागत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ प्रमाणे सार्वजनिक रुग्णालये व दवाखाने चालवणे हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ चे कलम ४ सांगते की अशी माहिती कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता स्वतःहून प्रसिद्ध करावी. पालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर दीर्घ काळ प्रशासकच कारभार पाहत होते. त्या काळात स्थायी समितीत औषधखरेदीच्या प्रस्तावावर नगरसेवकाने उभे राहून प्रश्न विचारण्याची सोयही नव्हती. म्हणून ही मागणी आणखी निकडीची झाली आहे.

सुरुवात मृत्यूंच्या आकड्यापासूनच करू. पाचशे खाटांच्या, ठाणे आणि पालघर अशा दोन जिल्ह्यांचा भार झेलणाऱ्या रुग्णालयात दररोज काही मृत्यू होणारच. अठरा हा आकडा किती भयंकर आहे हे कळायला आधीच्या वर्षभराची दैनंदिन सरासरी माहीत हवी, आणि ती रुग्णालयाच्या दारावर कुठेही लिहिलेली नसते. दर महिन्याला पुढील आकडे द्यावेत : एकूण दाखल रुग्ण, एकूण मृत्यू, दाखल झाल्यापासून २४ तासांच्या आत झालेले मृत्यू, त्यानंतरचे मृत्यू, दुसऱ्या रुग्णालयातून पाठवलेल्यांचे मृत्यू आणि नवजात बालकांचे मृत्यू. पहिल्या २४ तासांतले मृत्यू वाढत असतील तर दोष बहुधा रुग्णालयाच्या बाहेर, उशिरा पाठवण्यात आणि रुग्णवाहिकेत, किंवा अपघात विभागाच्या पहिल्या तासात शोधावा लागतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतरचे मृत्यू वाढत असतील तर वॉर्डातला जंतुसंसर्ग, अपुरी देखरेख, औषधाचा चुकलेला डोस इकडे पाहावे लागते. ‘रुग्ण अत्यवस्थ होते’ हे वाक्य खरे असेल तर हे आकडेच त्याला दुजोरा देतील. ते दिल्याशिवाय त्या वाक्यावर विश्वास ठेवा असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आता मनुष्यबळ. इथे सर्वात जास्त फसवणूक होते ती ‘भरलेली पदे’ या रकान्यात. मंजूर पदे किती, भरलेली किती आणि रिक्त किती, असे तीन रकाने सरकारी तक्त्यात असतात. चौथा रकाना नसतो : त्या पाळीला प्रत्यक्ष वॉर्डात किती जण उभे होते? भरलेल्या पदांतले काही जण प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे, काही प्रसूती किंवा दीर्घ आजारी रजेवर, काही कार्यालयीन कामाला, काही लसीकरणाच्या मोहिमेवर. कागदावर ऐंशी टक्के पदे भरलेली असूनही रात्री वॉर्डात एकच अधिपरिचारिका असू शकते.

हिशेब सोपा आहे. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका हवी. दिवसाच्या तीन पाळ्या, वर्षाचे ३६५ दिवस, म्हणजे एका खाटेसाठी १,०९५ पाळ्या. एक परिचारिका साप्ताहिक सुट्टी, अर्जित, किरकोळ आणि आजारी रजा, सण आणि प्रशिक्षण वजा जाता वर्षाला साधारण २६५ पाळ्या करते. भागाकार केला तर एका खाटेमागे चारहून जास्त परिचारिका लागतात, आणि अशा वीस खाटांच्या अतिदक्षता विभागाला ८३. ‘वीस खाटांचा आयसीयू सुरू’ अशी बातमी येते, तेव्हा त्याच्या खाली ८३ हा आकडा लिहिलेला आम्ही कधी पाहिला नाही.

सर्वसाधारण वॉर्डात एका परिचारिकेवर चाळीस रुग्ण आले तर काय होते, तेही वेळेच्या भाषेत मांडतो. नाडी, रक्तदाब, श्वासाचा वेग, तापमान आणि ऑक्सिजनची पातळी पाहून लिहायला रुग्णामागे पाच मिनिटे. चाळीस रुग्णांची एक फेरी दोनशे मिनिटांची. बारा तासांच्या रात्रपाळीत अशा तीन फेऱ्या म्हणजे ६०० मिनिटे. प्रत्येकी दोन इंजेक्शने धरली आणि भरणे, तपासणे, देणे, नोंदणे याला चार मिनिटे, तर ३२० मिनिटे. झाली ९२० मिनिटे. पाळीत असतात ७२०. यात नवा दाखल रुग्ण नाही, सलाईन बंद पडलेले नाही, नातेवाइकाशी बोलणे नाही, जेवणही नाही. मग गळते काय? रात्री दोनची फेरी. आणि रुग्ण खालावत चालल्याची पहिली चिन्हे, वाढलेला श्वास, घसरता रक्तदाब, कमी झालेली लघवी, ही बहुधा त्याच वेळी दिसत असतात. सकाळी डॉक्टर राउंडला येतात तोवर काही तास हातचे गेलेले असतात. ती परिचारिका कामचुकार नसते. तिला दिलेले कामच त्या वेळेत होण्यासारखे नसते.

कॅगचा राज्याच्या आरोग्य सेवांवरील अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळात मांडला गेला. परिचारिकांची सुमारे एक तृतीयांश मंजूर पदे रिक्त असल्याचे त्यात म्हटले आहे. ही मंजूर पदांच्या तुलनेतली तूट आहे, गरजेच्या तुलनेतली नव्हे. आकृतिबंध, म्हणजे मंजूर पदांचा आराखडा, जुना असेल आणि खाटा, रुग्ण, यंत्रे वाढलेली असतील तर खरी तूट याहून मोठी असणार.

महापालिकेच्या रुग्णालयात पदे भरली न जाण्याचे एक कारण बाहेर फारसे बोलले जात नाही. नागरी संस्थांचा आस्थापना खर्च, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या पगार-भत्त्यांचा खर्च, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत ठेवण्याची शासनाची अट आहे. नवा आकृतिबंध मंजूर करताना, भरतीला परवानगी देताना ही अट पुढे येते. लिपिक, शिपाई, अभियंता आणि अतिदक्षता विभागातली परिचारिका हे सगळे त्या एकाच टक्केवारीत मोजले जातात. परिणामी पालिका बाह्यस्रोताचा मार्ग धरते. ठेकेदाराचे देयक ‘कंत्राटी सेवा’ या शीर्षात जाते आणि आस्थापना खर्च कागदावर आटोक्यात दिसतो. पैसा तर जातोच. शिवाय ठेकेदाराचे कमिशन आणि त्यावरचा कर वेगळा, आणि दर अकरा महिन्यांनी अनुभवी माणूस निघून नवा येतो तो तोटा वेगळा. व्हेंटिलेटरचा अलार्म ऐकून कशामुळे वाजतोय हे ओळखायला माणसाला काही महिने लागतात. ते शिकेपर्यंत त्याचा करार संपतो. शासनाने रुग्णसेवेची थेट पदे या ३५ टक्क्यांच्या मोजणीतून वगळावीत आणि पालिकेने तसा ठराव करून शासनाकडे पाठवावा. हे एक काम झाले तरी पुष्कळ गाठी सुटतील.

औषधांकडे येतो. ‘औषधसाठा पुरेसा आहे’ हे विधान भांडारातल्या एकूण खोक्यांवरून करता येत नाही. पॅरासिटॅमॉल सहा महिन्यांचे आणि घसरता रक्तदाब सावरणारे नॉरअॅड्रेनालिन शून्य, अशी स्थिती असू शकते, आणि तरीही यादीतली नव्वद टक्के औषधे उपलब्ध दिसतात. म्हणून जीवरक्षक औषधांची वेगळी छोटी यादी हवी : अॅड्रेनालिन, नॉरअॅड्रेनालिन, अॅट्रोपिन, ऑक्सिटोसिन, मॅग्नेशियम सल्फेट, इन्शुलिन, सर्पदंशावरचे प्रतिविष, रेबीजची लस आणि इम्युनोग्लोब्युलिन, नवजातांसाठी सर्फॅक्टंट, अतिदक्षतेतली प्रतिजैविके, सलाईन. यांतले प्रत्येक औषध महिन्यात किती दिवस शून्यावर होते, एवढा एकच आकडा जाहीर करा.

साठा का संपतो, याचे मुख्य कारण मागणीच्या सूत्रात दडलेले आहे. वार्षिक मागणी मागच्या वर्षीच्या ‘वापरा’वर दहा टक्के वाढ धरून पाठवण्याची पद्धत आहे. समजा एका इंजेक्शनची खरी गरज महिन्याला ६०० कुप्यांची आहे, वर्षाला ७,२००. वर्षातले पाच महिने ते भांडारात नव्हते. नोंदवहीत वापर दिसतो ४,२००. त्यावर दहा टक्के धरून मागणी जाते ४,६२०. पुढच्या वर्षी सगळा पुरवठा अगदी वेळेवर झाला तरी आठव्या महिन्यात तो संपणार. म्हणजे तुटवडाच पुढच्या तुटवड्याचा आधार ठरतो, आणि कागदावर सगळे नियमानुसार झालेले असते. यावर उपाय आहे. औषध शून्यावर असलेले महिने सोडून सरासरी काढायची : ४,२०० भागिले सात. ई-औषधी या संगणकीय साठा प्रणालीत साठ्याच्या तारखा असतात, त्यावरून हे करता येते.

दुसरे, पुन्हा मागणी कधी नोंदवायची याची पातळी. पुरवठा आदेशापासून माल येऊन, नमुना तपासून, वॉर्डात पोचेपर्यंत तीन महिने लागत असतील, तर महिना ६०० कुप्यांच्या हिशेबाने १,८०० आणि राखीव एक महिन्याच्या ६००, अशा २,४०० कुप्या शिल्लक असतानाच मागणी जायला हवी. प्रत्यक्षात मागणी खोके रिकामे झाल्यावर जाते. जुलै ते ऑक्टोबर या काळात ठाण्यात डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढतात, शहापूर-मुरबाडकडून सर्पदंशाचे येतात. ही वाढ दरवर्षीची आहे, अनपेक्षित नाही. तिची मागणी एप्रिलच्या आत जायला हवी.

राज्याची खरेदी आधी हाफकिन महामंडळामार्फत होत असे. २०२३ च्या कायद्याने त्यासाठी महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण निर्माण झाले. प्राधिकरण नवे असो की जुने महामंडळ, वॉर्डातल्या माणसाला फरक पडतो तो दोनच तारखांनी : मागणी गेली ती तारीख आणि माल आला ती तारीख. या दोन्ही तारखा प्रत्येक जीवरक्षक औषधासाठी प्रसिद्ध करा. मधले दिवस निविदेत गेले, तपासणीत गेले, की पुरवठादाराचे जुने देयक थकल्याने त्याने माल रोखला, ते आपोआप बाहेर येईल. थकीत देयक हे तुटवड्याचे फार मोठे आणि फार लपवले जाणारे कारण आहे.

आणि ‘बाहेरून आणा’ची चिठ्ठी. तुटवडा मोजायला याहून खात्रीचे साधन नाही. ती साध्या कागदाच्या तुकड्यावर दिली जाते, म्हणून तिची नोंद राहत नाही. क्रमांक घातलेली, कार्बन प्रत राहणारी चिठ्ठी सक्तीची करा, तिच्यावर औषधाचे नाव आणि वॉर्ड लिहा, आणि महिन्याला किती चिठ्ठ्या फाडल्या ते जाहीर करा. राज्याने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत केले. केसपेपर मोफत आणि इंजेक्शन बाहेरच्या दुकानातून, हा मोफत उपचार नव्हे.

प्राणवायूचे गणितही लोकांना कळेल अशा भाषेत मांडता येते. मिनिटाला दहा लिटर ऑक्सिजन लागणारा एक रुग्ण दिवसाला १४,४०० लिटर वापरतो. जंबो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर वायू असतो, म्हणजे एका रुग्णाला दिवसाला दोनहून जास्त सिलिंडर. असे वीस रुग्ण असतील आणि द्रवरूप प्राणवायूची टाकी काही कारणाने बंद पडली, तर मॅनिफोल्डवर (अनेक सिलिंडर एका नळीला जोडणाऱ्या यंत्रणेवर) जोडलेले वीस जंबो सिलिंडर साडेअकरा तास पुरतात. त्या वेळात भरलेले सिलिंडर येणे, जुने काढून नवे जोडणे आणि ते करणारा प्रशिक्षित माणूस रात्रपाळीलाही हजर असणे, हे सगळे जमले पाहिजे. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून नळीतला दाब घसरला आणि व्हेंटिलेटर व ऑक्सिजनवरचे २२ रुग्ण दगावले. शहरात प्राणवायू नव्हता म्हणून ते गेले नाहीत. टाकीपासून खाटेपर्यंतच्या वाटेत दुसरी, आपोआप सुरू होणारी सोय नव्हती म्हणून गेले.

म्हणून दर महिन्याला हे सांगा : मुख्य पुरवठा, पर्यायी पुरवठा आणि राखीव पुरवठा यांची क्षमता सध्याच्या वापराने किती तासांची आहे, दाब नेहमीपेक्षा वीस टक्क्यांनी वरखाली झाला की वाजणारा अलार्म शेवटचा कधी तपासला, तो परिचारिकेच्या टेबलाजवळही वाजतो की फक्त प्लँटच्या खोलीत, आणि कोविडकाळात बसवलेले हवेतून ऑक्सिजन काढणारे पीएसए प्लँट चालू आहेत का. हे प्लँट बंद ठेवले तर त्यातल्या झिओलाइटमध्ये (हवेतला नायट्रोजन शोषणाऱ्या दाण्यांमध्ये) ओलावा शिरतो आणि शुद्धता ९० टक्क्यांच्या खाली जाते. अशा प्लँटची गणना ‘उपलब्ध’मध्ये होत राहते, हे धोक्याचे आहे.

आगीबद्दल. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात दहा बाळे गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात अहमदनगर जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. त्याआधी एप्रिलमध्ये मुंब्र्यातल्या एका खासगी रुग्णालयातल्या आगीच्या घटनेत चार जण दगावले. नवजात कक्षाला आगीचा धोका मोठा का असतो, याचे कारण विजेच्या भारात आहे. बाळाला ऊब देणारा एक रेडिएंट वॉर्मर ६०० ते ७०० वॅट घेतो. बारा वॉर्मर म्हणजे आठ किलोवॅटच्या आसपास. त्यावर फोटोथेरपी, पंप, मॉनिटर आणि अखंड चालणारे एसी. खोलीची मूळ वायरिंग मात्र पंखे आणि ट्यूबलाइटच्या हिशेबाने झालेली असते, म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड येतात. सैल जोडणी तापते, इन्सुलेशन वितळते. हवेत ऑक्सिजन नेहमीपेक्षा जास्त असतो. एसीसाठी खिडक्या बंद केलेल्या असतात, त्यामुळे धूर कोंडतो, आणि बाळे ज्वाळेपेक्षा धुराने जातात.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतली आगयंत्रणा सुस्थितीत असल्याचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये घ्यावे लागते. ते प्रत्येक सार्वजनिक रुग्णालयाच्या प्रवेशद्वारावर लावा. त्यासोबत विद्युत भाराच्या तपासणीची तारीख, आणि रात्रीच्या पाळीत केलेल्या शेवटच्या बचाव सरावाची तारीखही. सराव रात्रीचाच हवा, कारण दुपारी बारा वाजता माणसे भरपूर असतात. त्या सरावात एक प्रश्न नक्की तपासा : कक्षाचा ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह बंद करण्याचा अधिकार त्या पाळीत कोणाला आहे, आणि तो बंद केल्यावर रुग्णांना जोडायला छोटे सिलिंडर हाताशी आहेत का? १,५०० लिटरचा बी प्रकारचा सिलिंडर मिनिटाला दहा लिटरने अडीच तास पुरतो. शेजारच्या वॉर्डात हलवायला तेवढा वेळ पुरेसा आहे, पण सिलिंडर भरलेला, आणि त्याची चावी त्यालाच बांधलेली हवी.

भंडाऱ्याच्या आगीनंतर परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. आगसुरक्षेच्या कामाला मंजुरी आणि निधी देणारी साखळी त्या परिचारिकांच्या कितीतरी वर होती. आम्ही मागत असलेले आकडे पाळीवर हजर असलेल्या माणसाला पकडण्यासाठी वापरले जाणार असतील तर ते देऊच नका. प्रत्येक आकड्यापुढे तो सुधारण्याचा अधिकार आणि पैसा ज्या पदाकडे आहे ते पद लिहा. औषध शून्यावर गेले तर औषधनिर्मात्याने मागणी कधी पाठवली आणि वरच्या कार्यालयाने ती किती दिवस ठेवली, या दोन तारखांतून जबाबदारी ठरते.

यंत्रांविषयी थोडक्यात. केंद्राच्या जैववैद्यकीय उपकरण देखभाल कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयातील यंत्रे ९५ टक्के वेळ चालू असावीत असे धरले आहे, म्हणजे वर्षात जेमतेम १८ दिवस बंद. किती व्हेंटिलेटर, सोनोग्राफी, सीटी स्कॅन, डायलिसिस यंत्रे याहून जास्त दिवस बंद होती आणि कशाअभावी, ते लिहा. बहुतेक वेळा कारण क्षुल्लक असते : ऑक्सिजन सेन्सर, बॅटरी, किंवा संपलेला आणि नूतनीकरण न झालेला देखभाल करार. यंत्र घेताना हमीनंतरच्या पाच वर्षांच्या देखभालीचा दर निविदेतच ठरवला नाही तर पुढे पुरवठादार म्हणेल तो दर.

आता पैसा. अर्थसंकल्पातली तरतूद ही घोषणा असते. तरतूद, प्रत्यक्ष वितरित निधी आणि झालेला खर्च, हे तीन आकडे शेजारी शेजारी आल्याशिवाय काही कळत नाही. राज्याच्या रुग्णालयांत निधी वितरण प्रणालीवर हप्त्याहप्त्याने येतो. ‘साहित्य व पुरवठा’ या शीर्षाखालची मोठी रक्कम मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात आली तर तिचे औषध होत नाही. घाईत जे मिळेल ते घेतले जाते किंवा निधी परत जातो. म्हणून महिनावार आकडे हवेत, वेतन, औषधे व साहित्य, कंत्राटी सेवा, यंत्रसामग्री आणि बांधकाम अशा पाच शीर्षांत. पालिकेच्या आरोग्य खर्चातून बांधकाम वेगळे काढून दाखवा, कारण रंगरंगोटी आणि प्रवेशद्वार यांचा खर्चही ‘आरोग्यावरचा खर्च’ म्हणून सांगितला जातो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांत देशातील स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यासाठी ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली होती. ठाण्याच्या वाट्याला त्यातले किती आले आणि कशावर गेले, त्याची उपयोगिता प्रमाणपत्रे प्रसिद्ध करा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून रुग्णालयाला मिळालेली दाव्यांची रक्कम आणि तिचा विनियोग हेही सांगा.

निधी नाही, हे उत्तर कायद्यात बसत नाही. पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की तातडीचे उपचार देण्याच्या घटनात्मक जबाबदारीतून आर्थिक अडचणीचे कारण देऊन सरकारला सुटता येत नाही. राष्ट्रीय आरोग्य धोरण, २०१७ ने राज्यांना २०२० पर्यंत अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून जास्त खर्च आरोग्यावर करायला सांगितले होते. महाराष्ट्र त्या रेषेच्या बराच खाली आहे.

शेवटचा मुद्दा नव्या जिल्हा रुग्णालयाचा. टेंभी नाक्यावरच्या विठ्ठल सायन्ना सामान्य रुग्णालयाच्या जागी ९०० खाटांचे रुग्णालय उभारायचे काम हाती घेतले गेले आणि जुने रुग्णालय प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या आवारात हलवले गेले. जिल्ह्याच्या हक्काच्या खाटा बांधकामात गेल्या की तो भार कळव्यावर येतो, हे आधी मोजता आले असते. जव्हार-मोखाड्याहून शंभरेक किलोमीटर येणारा रुग्ण नुसत्या ‘पुढील उपचारासाठी’ अशा चिठ्ठीवर पाठवला जातो. फोन नाही, खाट राखीव नाही, कोणते औषध किती वाजता दिले याची नोंद नाही. पाठवणाऱ्या डॉक्टरने आधी फोन केला, खाट क्रमांक घेतला आणि छापील पत्रकावर रक्तदाब, दिलेली औषधे व वेळ लिहिली, एवढ्याने वाटेतले आणि दारातले मृत्यू कमी होतात. त्याला नवी इमारत लागत नाही.

आणि नवी इमारत होईल तेव्हा तिच्यात माणसे कोण असतील? पदनिर्मितीचा प्रस्ताव, वित्त विभागाची मान्यता, शासन निर्णय, बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांचा तक्ता), जाहिरात, परीक्षा, कागदपत्र पडताळणी या वाटेला सहज दोन वर्षे जातात. इमारतीचा पैसा एकदाचा, पगाराचा पैसा दरवर्षीचा, म्हणून पहिला लवकर मंजूर होतो आणि दुसरा रेंगाळतो. ९०० खाटांचा आकृतिबंध, त्यातली मंजूर झालेली पदे आणि भरतीचे वेळापत्रक आत्ताच जाहीर करा. नाहीतर उद्घाटनाच्या दिवशी कळव्यातल्याच परिचारिका तिकडे प्रतिनियुक्तीवर पाठवल्या जातील आणि दोन्ही ठिकाणी खाटा पुरेशा कर्मचाऱ्यांविना उभ्या राहतील.

आमच्या मागण्या कालमर्यादेसह अशा आहेत. कळव्याच्या २०२३ च्या मृत्यूंविषयीचा चौकशी अहवाल, रुग्णांची नावे वगळून, कोणालाही वाचता येईल असा ठेवावा, आणि त्यातल्या प्रत्येक शिफारशीपुढे जबाबदार पद, लागणारा खर्च, ठरलेली तारीख आणि आजची स्थिती लिहावी. हे तीस दिवसांत. वर सांगितलेले मासिक आकडे दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत मराठीत, संकेतस्थळावर आणि रुग्णालयाच्या केसपेपर खिडकीजवळच्या फलकावर; सुरुवात साठ दिवसांत. पाळीनिहाय हजर मनुष्यबळाचा फलक प्रत्येक वॉर्डाबाहेर, रोज. याला खडू आणि फळा पुरतो, म्हणून हे उद्यापासून. जीवरक्षक औषधांच्या मागणीचे सूत्र पुढच्या वार्षिक मागणीपूर्वी दुरुस्त करावे. ३५ टक्क्यांच्या अटीतून रुग्णसेवेची पदे वगळण्याचा प्रस्ताव पालिकेने नव्वद दिवसांत शासनाकडे पाठवावा आणि शासनाने त्यावर लेखी, कारणांसह निर्णय द्यावा.

यातले कोणते आकडे देता येणार नाहीत आणि का, हेही पदनामासह लेखी कळवावे. ते उत्तर आम्ही या पत्रासोबत प्रसिद्ध करू.

आपले,
ठाणे शहरातील सार्वजनिक आरोग्य सेवेत काम केलेले आणि करत असलेले नागरिक